हाताने भोक पाडायची स्पर्धा: छिन्नी सहा इंचांवर अडकते

उत्सव_समिती
खाणगावाच्या वार्षिक उत्सवात यंदा सुरुंगाचं भोक हाताने पाडायची स्पर्धा ठेवतोय. पद्धत जुनीच: एकाने छिन्नी धरून फिरवायची, दुसऱ्याने घण घालायचा. ग्रॅनाइटचा ठोकळा आलाय. चाचणीत पाच-सहा इंच भोक झकास जातं, मग छिन्नी आवळून बसते. घणावरची माणसं बदलली तरी तेच. छिन्न्या सहा, 22 मिमी सळईच्या, सगळ्यांची धार 36 मिमी रुंद. दगडात खोट आहे की छिन्नीत? वेळ किती ठेवावी, खोली मोजायची कशी?

ऐरण_भाता
खोट मापात आहे. धारेचे दोन्ही कोपरे झिजत जातात, त्यामुळे भोक खाली निमुळतं होतं. 36 ची छिन्नी सहा इंच जाईस्तोवर तळाशी भोक 35 चं उरतं आणि त्यात तुम्ही पुन्हा नवी कोरी 36 घालता. ती पाचरीसारखी रुतणारच!

मापं उतरती ठेवा: 36, 34.5, 33, 31.5, 30, 28.5. लांबी चढती: पहिली 30 सेंमी, पुढची प्रत्येक 8 सेंमीने जास्त. सात-आठ सेंमी खोली झाली की छिन्नी बदलायची, धार बोथट व्हायची वाट बघायची नाही. क्रम चुकू नये म्हणून डोक्याजवळ रंगाचे पट्टे मारा.

दुसरं कारण फिरवण्यात असतं. प्रत्येक ठोक्यामागे छिन्नी एक अष्टमांश फेरा फिरली पाहिजे, तीही ठोका बसून ती उसळते त्याच क्षणी. फिरवणं कमीजास्त झालं की भोक तिकोनी होतं आणि धार कोपऱ्यात अडकते. बोटाला गोलाई लागते की कंगोरा, ते लगेच कळतं. म्हणून समितीने घणवाल्यापेक्षा धरणारा निवडून घ्यावा. ताकदीची कौतुकं नंतर.

अडकलीच तर वरून जोर लावू नका. पाणी सोडा, छिन्नीला चारी बाजूंनी आडवे हलके टोले द्या आणि पान्याने उलटसुलट फिरवा.

उत्सव_समिती
मापं उतरती करून घेतली, आता आवळत नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या छिन्नीचे कोपरे उडतात.

ऐरण_भाता
छिन्नीला दिलेलं पाणी (तापवून विझवताना पोलादाला येणारा कडकपणा) जास्त कडक बसलंय. टोक लालबुंद तापवून फक्त शेवटचे दोन-अडीच सेंमी पाण्यात बुडवा, काढा, धारेजवळ कानशीने चकाकी आणा. मागची उष्णता धारेकडे सरकते तसा रंग उतरतो. फिकट पिवळा, गवताच्या काडीसारखा दिसला की पुन्हा विझवा. तो रंग येण्याआधीच विझवली तर कोपरे उडतात. निळ्यावर गेली तर धार चेपते. डोक्याला मात्र पाणी कधीच देऊ नका. ते मऊच हवं, नाहीतर घणाच्या टोल्याने कपचे उडतील. मऊ डोकं फुलतं, मग फुललेली कड घासून काढायची.

ठोकळा_मोजणीस
वेळ आणि मोजणी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो, नेवाडा, मोंटानाच्या खाणगावांत जुनी रीत 15 मिनिटांची; एकट्यासाठी 4 पौंडी हातोडा, जोडीसाठी 8 पौंडी घण. नवख्यांना 15 मिनिटं झेपत नाहीत, पहिल्या वर्षी 5 पुरे.

ठोकळ्याचा पृष्ठभाग जिथे भोक पडणार तिथे सपाट करून घ्या. खोली मोजण्याआधी भोकातला चिखल पाण्याने धुऊन काढा आणि मापाची सळई मधोमध उभी धरा. कडेला धरली तर दोन-चार मिमीचा वाद ठरलेला. ठोकळ्याची जाडी अपेक्षित खोलीपेक्षा किमान 15 सेंमी जास्त हवी, नाहीतर खालून पापुद्रा सुटतो. कडेपासून आणि दोन भोकांतही तेवढंच अंतर सोडा. 1.2 × 0.9 × 0.6 मीटरचा ठोकळा पावणेदोन टनांच्या आसपास भरतो. तो वाळूच्या जाड थरावर बसवा. खाली पोकळ राहिला तर ठोक्याचा जोर हलण्यातच जातो. गारेची पांढरी शीर एखाद्या जागेखाली असेल तर तिथला गडी मागे पडतो, म्हणून जागा चिठ्ठ्या टाकून द्या.

पाण्याचा_डबा
पाण्याचं कुणी बोललं नाही. बारीक पण सततची धार हवी. कमी पडलं तर भुकटीचा लगदा होऊन तळाशी गादी बनते आणि ठोका दगडापर्यंत पोचतच नाही. जास्त ओतलं तर प्रत्येक ठोक्याला तोंडावर चिखल. कोरडं मुळीच पाडू नका: ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, तीच खाणकामगारांची फुप्फुसं खाते. चष्मा दोघांनाही लावा. प्रेक्षकांसाठी पाच मीटर मागे दोरी बांधा.

आणि ठोकळा दगडखाणीतून आणलाय का? त्यात आधीचं अर्धवट भोक दिसलं तर तो ठोकळा बाद करा. न उडालेल्या सुरुंगाची दारू तळाशी राहिलेली असू शकते. जुन्या भोकात किंवा त्याच्या शेजारी छिन्नी लावायची नाही.

उत्सव_समिती
एका बाजूला तसं एक भोक आहे, वीतभर. आम्ही ते सुरुवातीसाठी वापरणार होतो. ठोकळा बदलतो.