लीव्हर अ‍ॅक्शन रिमफायर रायफल: २२ एलआर घ्यावी की मॅग्नम?

कातळसडा (देवगड):
वडिलांची बारा बोअरची बंदूक वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आली आहे. दुसऱ्या हत्याराची जागा रिकामी आहे, तिथे रिमफायर लीव्हर अ‍ॅक्शन (ट्रिगरखालची दांडी ओढून भरायची, आणि काडतुसाची कड चेपून बार उडणारी) रायफल घ्यायचा विचार पक्का झालाय. मुंबईच्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे दोन जुन्या रायफली आहेत. एक मार्लिन ३९ए, २२ एलआर (लाँग रायफल) काडतुसाची. दुसरी विंचेस्टर ९४२२एम, २२ मॅग्नममध्ये. किमतीत फारसा फरक नाही. एका मित्राचं म्हणणं, दोन्ही नको, १७ एचएमआर (आणखी बारीक, वेगवान गोळीचं काडतूस) मिळेपर्यंत थांब, ती सगळ्यांत सरळ जाते.

वापर मुख्यतः रेंजवर: कागदी टार्गेट २५ आणि ५० मीटरवर, जमलं तर कधी १०० वर. बागेत वानर आणि रानडुकराचा उच्छाद आहे, तिथे यातलं काही कामाला येईल का? घर खाडीच्या तोंडाशी आहे, पावसाळ्यात कपाटातल्या कुलपालासुद्धा गंज चढतो. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

नळी_आणि_नेम (रत्नागिरी):
तुमच्या वापराला २२ एलआर. कारणं नीट सांगतो, कारण नुसतं "एलआर घ्या" म्हटलं की लोकांना वाटतं स्वस्त म्हणून सांगतायत.

आधी आकडे. एलआरची ४० ग्रेनची (२.६ ग्रॅम) गोळी स्टँडर्ड व्हेलॉसिटीत सेकंदाला साधारण ३२० मीटरने सुटते, हाय व्हेलॉसिटीत ३८० ने. नळीच्या तोंडाशी ऊर्जा अनुक्रमे १३० आणि १९० ज्यूलच्या आसपास. मॅग्नममध्ये तेवढ्याच वजनाची गोळी ५८० मीटरने जाते, म्हणजे ४३० ज्यूल. १७ एचएमआर म्हणजे मॅग्नमचंच केस (काडतुसाची पितळी नळी), तोंडाशी आवळून त्यात १७ ग्रेनची (१.१ ग्रॅम) गोळी बसवलेली. ती जवळजवळ ७८० मीटरने सुटते, ३३० ज्यूल. एलआर १८८७ ची, मॅग्नम १९५९ ची, एचएमआर २००२ ची.

आता हे टार्गेटवर कसं दिसतं ते बघा. तिन्ही ५० मीटरला झीरो केल्या (साइट त्या अंतराला जुळवल्या) तर १०० मीटरवर स्टँडर्ड एलआर साधारण वीतभर खाली लागते, मॅग्नम सात-आठ सेंटीमीटर, एचएमआर दोन-तीन. मित्राचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर आहे. पण २५ आणि ५० मीटरवर या सरळपणाचा काहीही फायदा नाही, आणि १०० मीटरवर वीतभराचं अंतर तुम्ही मागची साइट एक-दोन खाचा वर घेऊन भागवता. अंतर माहीत असलेल्या टार्गेटवर गोळी किती पडते हा प्रश्नच नसतो. वारा हा प्रश्न असतो.

आणि वाऱ्याच्या बाबतीत बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. ताशी पंधरा किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात १०० मीटरवर स्टँडर्ड एलआर अंदाजे ११-१२ सेंटीमीटर सरकते, तर जास्त वेगाची हाय व्हेलॉसिटी १५ च्या पुढे. हाय व्हेलॉसिटी गोळी आवाजाच्या वेगापेक्षा थोडीशीच वर निघते. त्या वेगाच्या आसपास हवेचा अडथळा एकदम वाढतो, गोळी वेग भराभर गमावते आणि जितका वेग हवेत जातो तितकी ती वाऱ्यावर ढकलली जाते. स्टँडर्ड पहिल्यापासून आवाजाखालीच असते, तिचा वेग सावकाश उतरतो. म्हणून मॅचची काडतुसं कमी वेगाची असतात. आपल्या किनाऱ्यावर अकरा-बाराला खारा (समुद्रावरून येणारा) वारा लागला की संध्याकाळपर्यंत थांबत नाही. त्यामुळे स्टँडर्ड काडतूस आणि सकाळचा वेळ, मतलई (जमिनीवरून येणारा वारा) पडल्यानंतर खारा सुरू व्हायच्या आतला. एवढं सांभाळलंत तर १०० मीटरसुद्धा एलआरने छान होतं.

शेवटचा मुद्दा काडतुसांचा, आणि निर्णय खरा तिथेच होतो. आपल्याकडे आयुध निर्माणीची २२ एलआर मिळते. मॅग्नम किंवा एचएमआर दुकानात दिसली तर ती बाहेरची, कधीकाळी आलेली, आणि रिमफायरचं केस पुन्हा भरता येत नाही. स्फोटक मसाला केसच्या कडेत फिरवून बसवलेला असतो, पिनेने ती कड चेपली की केस संपलं. म्हणजे पाकीट मिळालं नाही तर रायफल भिंतीवर. आणि सरावाला काडतूस लागतं भरपूर.

गडगा:
जनावरांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

शस्त्र परवाना आणि शिकारीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. पूर्वी उंदीर, कावळे, वटवाघळं यांच्यासाठी उपद्रवी प्राण्यांचं वेगळं परिशिष्ट होतं, २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच काढलं गेलं. रानडुकरासाठी वनखात्याकडे रीतसर अर्ज करा, लेखी परवानगी हातात आल्याशिवाय काही नाही. वानरांवर बंदूक हा विषयच डोक्यातून काढा.

परवानगी मिळाली तरी रानडुकरावर २२ चालवू नका, मॅग्नमसुद्धा. खांद्याची जाड कातडी, चरबी आणि हाड यांत ही गोळी थांबते. जनावर जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरतं, चार दिवस तळमळत मरतं किंवा दुसऱ्या दिवशी काजू वेचणाऱ्या बाईच्या अंगावर येतं. बागेसाठी सौर कुंपण करा, आणि ते नीट एनर्जायझर (कुंपणात झटक्यापुरता प्रवाह सोडणारं यंत्र) लावूनच. घरातल्या विजेची तार कुंपणाला जोडणं गुन्हा आहे आणि त्याने माणसं मेली आहेत.

दुसरं, चिरेखाणीत नेम धरायचं मनात असेल तर तेही नको. जांभ्याच्या उभ्या भिंतीवरून शिशाची गोळी कुठल्या कोनात उडेल सांगता येत नाही. एलआरच्या पाकिटावर दीड मैलाचा इशारा छापलेला असतो, म्हणजे दोन किलोमीटरच्या वर. सड्यावरून तेवढ्यात खालची अख्खी वाडी येते. रेंजवरच जा, जिथे मागे दगड न मिसळलेल्या मातीचा उंच बांध आहे. घरच्या रोजच्या सरावाला ४.५ मिलिमीटरची एअर रायफल घ्या. २० ज्यूलच्या आतली असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे तिला परवाना लागत नाही. धरणं, श्वास, ट्रिगर, सगळं तिच्यावर घटवता येतं. मागचा बांध मात्र तिलाही हवाच.

चाप_१२ (चिपळूण):
नळी_आणि_नेम यांच्याशी बरंचसं सहमत, पण मॅग्नमची बाजूही मांडतो. लोखंडी पाट्या १०० मीटरवर पाडायच्या असतील तर एलआर तिथे पोचेपर्यंत थकते, पाटी नुसती टिंग करते. मॅग्नम ती आडवी करते. ९४२२ ही कारागिरीतही फार सुंदर रायफल आहे, १९७२ ते २००५ एवढीच वर्षं निघाली. विक्रेता मॅग्नमची चार-पाचशे काडतुसं लेखी देत असेल आणि तुमच्या परवान्यावर तेवढी मर्यादा असेल तर विचार करायला हरकत नाही.

एक धोका मात्र ठळक अक्षरात लिहून ठेवा. मॅग्नमच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) एलआर घालून बघायची नाही. ती आत जाते, बार उडतोही, म्हणून लोकांना वाटतं चालतंय. एलआरचं केस ५.७ मिलिमीटर जाड, मॅग्नमचं ६.१. सैल केस उभं चिरतं आणि गरम वायू पितळेच्या कणांसकट मागे तोंडावर येतो. उलट बाजूने मॅग्नम एलआरच्या चेंबरमध्ये बसतच नाही. एकाच घरात दोन्ही नको, हे त्यातलं एक कारण.

खरेदीच्या आधी परवान्यावर बोअर (नळीचं माप) काय शब्दांत लिहिलाय ते वाचा. नुसतं "२२ रायफल" असेल तर मॅग्नम त्यात धरतात का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारून घ्या. विक्रेत्याच्या तोंडी "चालतं हो" वर जाऊ नका.

खारवट (वेंगुर्ला):
कॅलिबर निवडताना गंजाचा हिशोब क्वचितच कोणी करतं. आपल्याकडे तो पहिला करायला हवा.

एलआरची गोळी उघडं शिसं असते आणि तिच्यावर मेणाचा थर असतो. दर बाराला नळीत त्याचा पातळ लेप बसतो, तो पोलादाला थोडं संरक्षण देतो. मॅग्नम आणि एचएमआरच्या गोळ्या बहुधा तांब्याच्या आवरणाच्या, त्या मागे मेण ठेवत नाहीत. त्या नळीला प्रत्येक सत्रानंतर तेल हवंच, आणि एचएमआरची नळी इतकी बारीक की वेगळा रॉड, वेगळा ब्रश, चिमुकले पॅच (पुसायचे कापडाचे तुकडे). साडेचार मिलिमीटरच्या आतल्या नळीत खड्डे पडले तर अचूकपणा गेला म्हणून समजा.

मार्लिन ३९ए चा मोठा फायदा इथे आहे. उजव्या अंगाला नाण्याने फिरेल असा एक मोठा स्क्रू आहे, तो सोडला की रायफल दोन भागांत सुटते, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) हातात येतो आणि नळी मागून साफ करता येते. ९४२२ पण एका स्क्रूवर सुटते. हेन्री किंवा ब्राउनिंग बीएल-२२ घेतली असती तर रॉड पुढून घालावा लागला असता. नळीच्या तोंडाची कड रॉडने घासली की नेम फाकतो, म्हणून तिथे दोरीचा पुलथ्रू मागून पुढे ओढणं बरं.

पावसाळ्यातली रीत: रायफल रेक्झिन किंवा स्पंजच्या कव्हरात ठेवायची नाही, स्पंज दमट हवा धरून बसतो आणि गंजाचा ठसा कव्हराच्या शिवणीसारखा उमटतो. कपाटात उभी, नळीचं तोंड खाली, म्हणजे तेल उतरून बोल्टात आणि दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. आठवड्यातून एकदा तेलाच्या फडक्याने पुसा, बोटांचे ठसे पडतात तिथे विशेष. मॅगझिनची आतली नळी बाहेर काढून पुसा, ती सगळेच विसरतात. खोबरेल कधीच नको: हवा गार झाली की थिजतं, चिकट होतं, फायरिंग पिन मंद पडते. डब्ल्यूडी-४० पाणी हाकलायला ठीक, पण त्यावर गन ऑइल लागतंच.

काडतुसं हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट. रिमफायरचं तोंड लाख लावून बंद केलेलं नसतं, दमट हवा आणि तेल दोन्ही हळूहळू आत शिरतात. तेलकट हाताने काडतूस भरू नका. बार उडाला नाही तर नळी बांधाकडे धरून तीस सेकंद थांबा, मगच लीव्हर उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबून नळीतून आरपार बघा. गोळी मध्ये अडकलेली असताना दुसरा बार काढला की नळी फुगते.

कातळसडा (देवगड):
मनापासून आभार. एलआरच, म्हणजे मार्लिन. जुनी रायफल बघायला जाताना काय काय तपासू?

नळी_आणि_नेम (रत्नागिरी):
स्नॅप कॅप (नकली काडतूस) आणि बारीक टॉर्च बरोबर न्या. पहिलं बघायचं चेंबरची मागची कड. रिकाम्या रायफलीवर घोडा सोडत राहिलं की पिन थेट त्या कडेवर आपटते, तिथे छोटा खळगा पडतो आणि आतल्या बाजूला ठोकर निघते. त्या ठोकरीवर केस अडकतं. कापसाची काडी आत फिरवा, धागे ओढले गेले तर ठोकर आहे. कुशल गनस्मिथ ती दाबून सरळ करतो, पण किमतीत उतरवून घ्या.

मग चेंबरच्या पुढच्या टोकाला काळसर कडं आहे का. अशा रायफलीतून २२ शॉर्ट पुष्कळ उडवलेली असते. शॉर्टचं केस आखूड, त्याच्यापुढे राख साचते आणि लांब एलआर काढताना अडते. नुसती राख असेल तर ब्रशने निघते, पोलाद खाल्लेलं असेल तर नाही.

मॅगझिनच्या बाहेरच्या नळीवर पोचा आहे का, बोटाने चाचपा. पोचा असेल तर काडतुसं मध्येच थांबतात आणि लोक स्प्रिंगला दोष देतात. स्नॅप कॅप भरून लीव्हर दहा-बारा वेळा चालवा, पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे. अर्धवट ओढली तर कुठलीही लीव्हर अडकते, तो रायफलीचा दोष नव्हे. एक्स्ट्रॅक्टरने (केस ओढणारा आकडा) दर खेपेला केस नीट बाहेर काढलं पाहिजे. भरताना हात नळीच्या तोंडावरून न्यायचा नाही, आणि रिकामी केल्यावर लिफ्टरवर (काडतूस वर उचलणारा भाग) एखादं काडतूस राहिलेलं असतं, ते बघितल्याशिवाय बंद करायची नाही.

जमलं तर विक्रेत्याकडून रेंजवर दहा बार काढून घ्या आणि उडालेली केसं तपासा. पिनेचा ठसा कडेवर खोल आणि एकसारखा हवा. उथळ असेल तर पिन झिजलेली, मेनस्प्रिंग थकलेली किंवा आत वाळलेलं तेल. केस बुडाशी फुगलेलं दिसलं तर हेडस्पेस (बोल्ट आणि काडतुसाच्या बुडाची जागा) सैल आहे, ती रायफल सोडून द्या. ३९ए आता तशी निघत नाही, सुटे भाग शोधावे लागतात, म्हणून फायरिंग पिन आणि एक्स्ट्रॅक्टर जास्तीचे मिळत असतील तर त्याच वेळी घ्या.

खारवट (वेंगुर्ला):
आणखी एक. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते, आणि ते तिथे दीड-दोन महिने पडून राहतं. नेण्याआधी नळीत, बोल्टवर आणि मॅगझिनच्या नळीत तेलाचा जाड हात द्या, तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको. पावतीवर नंबर आणि "नळी स्वच्छ, गंज नाही" एवढे शब्द लिहून घ्या. परत आणल्यावर बार काढायच्या आधी कोरडा पॅच नळीतून आरपार काढा, नाहीतर साचलेलं तेल चेंबरमध्ये उतरतं आणि पहिली काही काडतुसं भलतीकडेच लागतात.