प्रति: ऑडिट असिस्टंटचा इंटरव्ह्यू
वर कुणीतरी म्हटलंय की एसएचे (ऑडिट कसं करायचं याच्या मानकांचे) नंबर पाठ असले की झालं. थोडंफार पटतं, ५००, ५०१, ५०५ तरी माहीत हवेतच, पण मला पुण्यातल्या एका छोट्या फर्ममध्ये नंबर विचारलेच नाहीत, सरळ खरेदीचं एक बिल पुढे सरकवलं, म्हणाले व्हाउच करा (म्हणजे हिशोबातली नोंद बरोबर आहे का ते बिलावरून तपासा). मी टोटल, जीएसटी, तारीख बघत बसलो आणि बिल भलत्याच कंपनीच्या नावावर होतं ते दिसलंच नाही! (नोकरी अर्थातच नाही मिळाली.)

आणि टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधला एडिट लॉग (नोंदींत कुणी, कधी, काय बदललं त्याची यादी, म्हणजेच ऑडिट ट्रेल) बघून जा, कारण १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेलवालंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं आणि तो वर्षभर चालू होता का हे ऑडिटरला रिपोर्टमध्ये लिहावं लागतं, तिथे मी दुसऱ्यांदा अडकलो.