मेअखेर निवृत्ती : आधी शेळ्या की गोधड्या?

काजूबी

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून येत्या ३१ मेला निवृत्त होतेय. हे एसटीतून आधीच निवृत्त झालेत. तेव्हापासून पेपरातली कोडी सोडवणं आणि माझ्या स्वयंपाकावर देखरेख ठेवणं, एवढी दोन कामं चालू आहेत.

दापोलीजवळ सासरचं घर आहे. मागे पाच गुंठे परसू, विहीर आहे, पाणी मेपर्यंत पुरतं. तिकडेच राहायला जायचं ठरलंय. इतकी वर्षं घंटेवर जगल्यावर आता दिवस खायला उठेल अशी धास्ती वाटते, म्हणून यादीच केली: दहा शेळ्या, वीस-पंचवीस कोंबड्या, भाजीपाला, फुलझाडं आणि गोधड्या शिवून विकणं. ह्यांचं म्हणणं, पैसे हातात येतायत तर सगळं एकदमच सुरू करू. मी म्हणते जरा दमानं.

आधी काय घ्यावं? कोणी हे सगळं प्रत्यक्षात करतंय का? लेक पुण्यात असते, सप्टेंबरात तिचे दिवस भरतायत, त्यामुळे जूनमध्येच मार्गी लावलेलं बरं.

परसदार

ताई, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटच्या वाक्यात लिहिलीत. सप्टेंबरात लेकीचं बाळंतपण म्हणजे सव्वा महिना तरी तुम्ही पुण्यात. तेवढे दिवस दहा शेळ्यांना पाला कोण आणणार? भावोजी एकटे, कोकणातल्या चिखलात?

मी संगमेश्वर तालुक्यात असते. आरोग्य खात्यात नर्स होते. आता दोन शेळ्या, कोंबड्या, न बोलावता आलेला एक बोका, परसू आणि शिवणकाम. वेळ कसा घालवू हा प्रश्न कधी पडला नाही, दुपारची झोप मिळाली की सण वाटतो. पण गोधडी चार महिने थांबते, झाड चार दिवस थांबतं, शेळी संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबत नाही. तेव्हा तुमची यादी खालून वर वाचा.

गोधडी विकायचं तूर्त डोक्यातून काढा. पहिली नातवंडासाठी शिवा, लहानशी. जुनी सुती लुगडी जमवायला आत्ताच सांगून ठेवा, कारण हल्ली घरोघरी सगळं टेरिकॉट. ते घाम पीत नाही आणि अंगावरून घसरतं. थर अंथरून आधी लांब टाक्यांनी पकडून घ्यायचे, मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनात फिरत मध्यावर यायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला समोरच्या डोंगरावरचं झाड दिसतं, सुईचं नेढं दिसत नाही. म्हणून सकाळच्या उन्हात नातीकडून डझनभर सुया ओवून घेते आणि उशीला टोचून ठेवते. नात त्याचे पैसे मागते, तो भाग वेगळा.

परसवात काय लावायचं ते माकडांना विचारून ठरवा. आमच्याकडे भेंडी, वांगी, पपई, शेंगा यातलं काही हाती लागत नाही. पडवळ-दोडक्याचा मांडव जाळी मारल्याशिवाय घालूच नये. हळद, सुरण, आलं, अबोली यांना आमच्या वाडीत तरी ती हात लावत नाहीत. तुम्ही मेअखेर पोचताय म्हणजे अगदी वेळेवर. मृगाच्या आधी हळद आणि सुरण जमिनीत गेला पाहिजे, खाली कुजलेलं शेणखत आणि वर आंब्या-फणसाच्या पाल्याचं आच्छादन. हळदीला ऑगस्टात बेणणी करून, म्हणजे तण काढून, मातीची भर द्या, ते काम पुण्याला निघण्याआधी उरका. सुरणाला तुम्ही पुण्यात आहात की चंद्रावर, काही फरक पडत नाही. पाला पिवळा पडून लोळला की काढायचा, साधारण डिसेंबर-जानेवारीत.

कोंबड्या पुण्याहून परत आल्यावर. पंचवीस नकोत, पाच-सहा गावठी तलंगा, म्हणजे अंड्यावर येणाऱ्या तरण्या कोंबड्या, आणि एक कोंबडा. गिरिराज, वनराज या सुधारित जाती अंडी जास्त देतात हे खरं, पण त्या सहसा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाहीत, म्हणजे पिलांसाठी परत विकत आणणं आलं. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. तिला अंधार पडल्यावर अंड्यांवर बसवायची. दिवसा बसवली तर उठून जाते. २१ दिवसांनी पिलं. ती डालग्याखालीच ठेवा, घार आणि मुंगूस टपलेलेच असतात.

सातव्या दिवशी पिलांना लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) येऊ नये म्हणून. गंमत अशी की लहानात लहान कुपीसुद्धा शंभरेक पिलांची. ती बर्फात आणायची आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची. दहा पिलांसाठी कोण फोडणार? म्हणून वाडीतल्या आम्ही चौघी-पाचजणी ठरवून एकाच आठवड्यात कोंबड्या बसवतो. लशीच्या दिवशी माझ्या ओटीवर टोपल्यांची रांग लागते. नोकरीभर बाळांना पोलिओचे थेंब पाजले, आता पिलांना. ही कमी रडतात आणि यांच्या आज्या मधे बोलत नाहीत.

शेळ्या घ्यायच्याच तर दिवाळीनंतर, दोनच, आणि आधी माचाण, म्हणजे जमिनीपासून उंच फळ्यांचा ओटा, बांधून. आपल्या पावसात ओल्या जमिनीवर बांधलेली शेळी आधी खुरांनी लंगडते, मग खोकते. सिंधुदुर्गाकडची कोकण कन्याळ जात या हवेला सरावलेली आहे. दापोलीला कृषी विद्यापीठ तुमच्या दारातच आहे, बाजारात जाण्याआधी तिथे जाऊन विचारा.

भावोजी एसटीत कंडक्टर होते का? असतील तर अंड्यांचा हिशेब त्यांच्याकडे द्या. सुट्ट्या पैशांवरून वाद होणार नाहीत.

बार्शीकर

परसदार ताईंचं बाकी सगळं मान्य, पण शेळीला अगदी शेपटाला टाकलंत याचं वाईट वाटलं. मी बँकेतून निवृत्त, माझ्याकडे चार उस्मानाबादी आहेत. सकाळी सहाला ओरडून उठवतात, नाहीतर मी नऊपर्यंत लोळलो असतो आणि बायकोने पुन्हा नोकरीला धाडला असता. पाच महिन्यांत विते, बऱ्याचदा जुळी. बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावलीय, उन्हाळ्यात कडबा विकत घेतो.

गावाला जायचं झालं की शेजारच्या पोराला सांभाळायला देतो, एका वेताची निम्मी करडं त्याची असा बोलीचा व्यवहार आहे. त्यामुळे तो माझ्यापेक्षा जास्त जपतो. तुमच्याकडे असा कोणी भेटला तर दिवाळीपर्यंत थांबायचं कारण नाही. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (शेळ्यांच्या आतड्याच्या रोगाची) लस मात्र चुकवू नका. आणि कुंपण आधी, शेळी नंतर. अबोलीला माकड हात लावत नसेल, शेळी तोंड लावते.

काजूबी

दोघांचेही मनापासून आभार. बाळंतपणाचं गणित डोक्यातच आलं नव्हतं. वाडीतली तरुण मुलं सगळी मुंबईला, त्यामुळे बार्शीकरांसारखा पोरगा मिळणं कठीण, शेळ्या दिवाळीनंतरच.

हे ड्रायव्हर होते हो, त्यामुळे हिशेब माझ्याकडेच राहणार. माकडांचं वाचून म्हणाले, मग पहिला कुत्राच आणू. कुत्र्याला माकडं भितात का? आणि सुरणाचं बेणं कुठून आणायचं, तुकडे केवढे?

परसदार

एकट्या कुत्र्याला माकडं भीत नाहीत, फांदीवर बसून चिडवतात. वाडीत तीन-चार मिळून भुंकले तर जातात, दुसऱ्याच्या परसवात. घ्यायचाच तर गावातलंच पिल्लू घ्या. केसाळ विलायती आणलंत तर पावसाळाभर त्याच्या अंगाला औषध चोळत बसाल. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस आणि मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. पुण्याला जाताना भावोजी मागे राहणार असतील तर कुत्रा उत्तम, त्यांना स्वयंपाकघर सोडून दुसरीकडे बघायला काहीतरी होईल.

सुरणाला वेगळं बेणं शोधत बसू नका, बाजारात खायला मिळतो तोच चालतो. अर्धा ते एक किलोचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला मधल्या डोळ्याचा, म्हणजे कोंब फुटतो तिथला, भाग आला पाहिजे. शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा, मग लावा. कापताना हाताला खोबरेल चोळा, नाहीतर दिवसभर खाजवत बसाल.

खड्डे दीड-दोन फुटांचे लागतात आणि ते तुम्ही पोचण्याआधी मेमध्येच कोणाकडून तरी खणवून घ्या. तुमच्याकडे खाली जांभा असणार. फूटभरावर पहार खणकन वाजली तर निदान जागा बदलायला वेळ मिळेल.