बाबांच्या डोळ्यात गॅस आणि ९ तारखेचं विमान

मीनल, शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,
गेल्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी धावपळ केली त्यांचे आभार सवडीने मानते. आत्ता एकच नड आहे. आज बाबांची ऑपरेशननंतरची दुसरी तपासणी झाली. सुटलेला रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, जागेवर बसलाय म्हणाले. पण तो दाबून धरायला डोळ्यात भरलेला गॅस सी-थ्री-एफ-एट आहे, तो पूर्ण विरेपर्यंत विमानात बसायचं नाही. किती दिवस, तर सहा ते आठ आठवडे! तिकीट ९ ऑक्टोबरचं, अमेरिकेतल्या मुक्कामाची मुदत आय-९४ वर २० ऑक्टोबर, विमा ९ लाच संपतो. बाबा सकाळपासून एकच धरून बसलेत, "मला घरी जाऊ दे, तुझी आई एकटी आहे." आईचा गुडघा नोव्हेंबरात करायचाय, तारीख घेऊन ठेवलीय.
गॅस असताना कुणी प्रवास केलाय का? काही वाट निघते का?
आणि ती पालथं बसायची खुर्ची कुणाकडे आहे? मंगळवारपर्यंत हवी आहे. उशांवर त्यांची मान अगदी धरली आहे.
मीनल

अविनाश, शुक्रवार, रात्री १०:१५

मीनल, घाबरू नकोस. माझे मेव्हणे गॅस असताना शिकागोहून दिल्लीला गेले होते, काही झालं नाही. बाबांना लंडनमार्गे पाठव, मधे सहा-सात तास विश्रांती मिळेल, सलग पंधरा तास नको. नाहीतर डॉक्टरांना सांगून गॅस काढून सिलिकॉनचं तेल घालून घ्या. तेलवाल्यांना विमान चालतं. तारीख बदलायची फी आणि वर भाड्यातला फरक, दिवाळीच्या तोंडावर फार पैसे जातील.

रेखाताई, शुक्रवार, रात्री १०:५०

> काही झालं नाही

अविनाश, हे वाक्य मागे घे. मी एकोणीस वर्षं रेटिनाच्या दवाखान्यात टेक्निशियन होते, ह्या एका गोष्टीवर मी गप्प बसणार नाही. तुझ्या मेव्हण्यांच्या डोळ्यात तेव्हा किती गॅस उरला होता आणि कोणता होता, हे तुला ठाऊक आहे का? एस-एफ-सिक्स दोन-तीन आठवड्यांत जातो, सी-थ्री-एफ-एट दोन महिने राहू शकतो.

विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीसारखा नसतो. साधारण आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा इतका तो उतरतो. चिप्सचं पाकीट वर गेल्यावर कसं टम्म होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. तितक्या दाबाला गॅस जवळजवळ एक-तृतीयांश फुगतो. पाकिटाला फुगायला जागा असते, डोळ्याला नसते. आतला दाब चढतो, रेटिनाला रक्त देणारी धमनी दबते, आणि ती दबलेली राहिली तर काही तासांत नजर जाते. तेव्हा विमान अटलांटिकवर असेल. लंडनमार्गे पाठवलं तर हाच धोका एकदाच्या ऐवजी दोनदा पत्करायचा.

तेलाचं म्हणशील तर ते घालायला पुन्हा ऑपरेशन, काही महिन्यांनी काढायला आणखी एक. बसलेला रेटिना तिकिटाच्या तारखेसाठी कोण हलवेल?

मीनल, डोळ्यात गॅस असल्याचं सांगणारा मनगटावरचा पट्टा काढू देऊ नकोस. परवा दाढ दुखत होती म्हणाले होते ना? दातांच्या डॉक्टरांकडे नायट्रस ऑक्साइड वापरतात, तोही वायू डोळ्यातल्या गॅसमध्ये शिरून तो फुगवतो. पट्टा दाखवायचा आणि तोंडानेही सांगायचं.

शिल्पा, शनिवार, सकाळी ७:२०

सर्वांना नमस्कार, मंडळाची सचिव म्हणून लिहिते आहे. बाबांना लवकर आराम पडो. एक विनंती, ही ईमेल यादी कार्यक्रमांसाठी आहे. वैद्यकीय पत्रं आरोग्य समितीच्या यादीवर टाकावीत, आणि कुठल्याही डॉक्टरांचं नाव मंडळाची शिफारस म्हणून देऊ नये. मार्चमध्ये ह्यावरून काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल.
खुर्ची मंडळाच्या गोदामात आहे, ढोलांच्या मागे. किल्ली कोजागिरीच्या टीमकडे.

नंदूकाका, शनिवार, सकाळी ७:५५

शिल्पा, आरोग्य समितीच्या यादीवर अकरा माणसं आहेत, त्यातली चार भारतात परतली. इथे लिहिलं म्हणून गेल्या बुधवारी रात्री दहा वाजता मीनलला गाडी मिळाली. माझ्या काळात आपण एक फाइल केली होती, डोळे, दात, हाडं, कोणता दवाखाना शनिवारी उघडा, कोण मराठी बोलतं. ती फाइल कुठे आहे?

शिल्पा, शनिवार, सकाळी ८:१०

काका, ती फाइल माझ्याकडे आहे. निम्मे फोन बंद आहेत, मी स्वतः लावून पाहिलेत. चुकीचा नंबर द्यायचा आणि माणसाने रात्री तिथे जाऊन कुलूप पाहायचं, ह्यापेक्षा न दिलेला बरा, म्हणून मी ती फिरवत नाही. दोन माणसं द्या, महिन्याभरात नवी करते.

प्रशांत, शनिवार, सकाळी ९:३०

फाइलसाठी माझं नाव घाल, शिल्पा. का ते सांगतो.

मला उजव्या डोळ्यात काळे ठिपके दिसायला लागले तेव्हा वाटलं चष्मा पुसायला हवा. मग अंधारात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. तिसऱ्या दिवशी नाकाच्या बाजूने सावली चढत आली. घराजवळच्या इस्पितळात इमर्जन्सीला गेलो. पाच तास बसवलं, डोक्याचा सीटी काढला, मायग्रेन म्हणून गोळी दिली. डोळ्यांचा डॉक्टर त्या रात्री तिथे नव्हताच. दुसऱ्या दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पाहिलं आणि म्हणाले, मधला भाग, मॅक्युला, सुटलाय. तो सुटायच्या आधी पोचणं वेगळं आणि नंतर पोचणं वेगळं. ऑपरेशन चांगलं झालं, पण आजही त्या डोळ्याने दाराची चौकट पाहिली तर ती मधे वाकलेली दिसते.

दोन वर्षांनी डावा डोळा. तेव्हा शहाणपण आलं होतं. ठिपके आणि चमक दिसल्याबरोबर फोनवर "नवीन फ्लोटर्स, फ्लॅशेस, आधी एका डोळ्याचा रेटिना सुटलेला" एवढंच बोललो. त्याच दुपारी बोलावलं. नुसती फट होती, लेझरने भोवती शिवली, वीस मिनिटांत बाहेर. रात्रीची वेळ असती तर सरळ फिलाडेल्फियाला विल्स आयला गेलो असतो. १८३२ पासूनचं डोळ्यांचंच इस्पितळ आहे ते, तिथे डोळ्यांची स्वतंत्र इमर्जन्सी आहे. ही शिफारस नाही शिल्पा, पत्ता आहे.

बाबांना सांग मीनल, पालथे दिवस जातात. मी स्टुलाखाली जमिनीवर टॅब्लेट ठेवून क्रिकेट पाहायचो, चहा नळीने. आठवड्याने वरच्या बाजूने स्पष्ट दिसायला लागतं आणि मधे एक आडवी रेघ दिसते, तांब्यातल्या पाण्यासारखी हलते. ती रोज थोडी खाली उतरते. शेवटी एक गोल बुडबुडा उरतो, मान हलवली की पळतो. आंघोळीनंतर तो कुठे आहे ते बघायची मला सवयच लागली होती.

अनघा, शनिवार, सकाळी १०:०५

प्रशांत, चहा नळीने पिताना भाजत नाही का? माझ्या सासूबाईंचं मॅक्युलाच्या छिद्राचं ऑपरेशन १४ तारखेला आहे, त्यांनाही पालथं राहायला सांगितलंय. खुर्ची मीनलनंतर आम्हाला मिळेल का?

शिवाय आमच्या ओळखीच्या एकांनी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवायला सांगितलंय.

रेखाताई, शनिवार, सकाळी १०:२०

अनघा, ऑपरेशन झालेल्या डोळ्यात दिलेल्या थेंबांखेरीज काहीही जाऊ द्यायचं नाही. नळाचं पाणीही नाही. त्रिफळा पोटात घ्यायचा की नाही ते त्यांचे वैद्य बघतील. चहा कोमट करून द्या.

सुमेधा, शनिवार, सकाळी १०:४५

घाटाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या काकांचं ऑपरेशन मुंबईत झालं, घर वाईला, आणि मुलांनी हवापालट म्हणून महाबळेश्वरचं बुकिंग केलं होतं. डॉक्टरांनी चक्क नकाशा बघून नाही म्हटलं. साडेचार हजार फूट चढतो आपण तिथे. खंडाळ्याचा घाटसुद्धा विचारल्याशिवाय चढू नका म्हणाले. काका तीन आठवडे दादरला बहिणीकडे राहिले. मीनल, पुढच्या शनिवारी तुम्ही पोकोनोजच्या डोंगरात जाणार होतात ना, ते आधी विचारून घ्या.

सुहास, शनिवार, सकाळी ११:३०

विम्याचं लिहितो, कारण चूक तिथेच होते.
पॉलिसी ९ च्या आत वाढव, आजच वाढव. ती संपली आणि नवी घेतली, तर हा डोळा नव्या पॉलिसीच्या हिशेबी "पूर्वीपासूनचा आजार" होतो आणि पुढची एकही तपासणी त्यात बसत नाही. बाबांचा नंबर उणे ९ आणि तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढलेला, त्यामुळे विमावाले आत्ताही हाच मुद्दा काढतील. डॉक्टरांच्या नोंदीत "लक्षणं अमुक दिवशी पहिल्यांदा दिसली" हे तारखेसकट आहे ना, ते बघून घे. नसेल तर आठवण असतानाच लिहून घ्या.

बाकीच्यांसाठी, ऑफिसचा व्हिजन प्लॅन चष्म्यासाठी असतो. रेटिना मेडिकल विम्यात येतो. गेल्या वर्षी आपल्यातल्याच एकांनी दोन दिवस घालवले, व्हिजन प्लॅनच्या यादीत रेटिनाचा डॉक्टर शोधत.

वैशाली, शनिवार, दुपारी १२:१०

व्हिसाच्या प्रश्नांना मी उत्तरं देते हे सगळ्यांना माहीत आहे, तरी अविनाशने काल रात्री मीनलला फोन करून "चार-सहा आठवडे उशीर झाला तर कुणी विचारत नाही" असं सांगितलं. विचारतात. पासपोर्टवरचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्कामाची तारीख आय-९४ वरची धरतात. ती ओलांडली की तो व्हिसाच बाद होतो, बाबांना पुढच्या वेळी नव्याने मुलाखतीला उभं राहावं लागेल.

मुक्काम वाढवायचा अर्ज, आय-५३९, भर. २० च्या आत पोचला पाहिजे, ऑनलाइन भरता येतो. डॉक्टरांचं पत्र जोड. त्यात आजाराचं नाव, ऑपरेशनची तारीख, आणि अमुक दिवसांपर्यंत विमानप्रवास वर्ज्य हे शब्द हवेत. सोबत बदललेलं तिकीट, खर्च कोण करतंय त्याचे कागद, आणि पुण्यातल्या घराचे, पेन्शनचे, म्हणजे ते परत जाणार हे दिसेल. वेळेत भरला की निर्णय लागेपर्यंतचा मुक्काम बेकायदा धरत नाहीत. गुंतागुंत वाटली तर वकील गाठ.

अविनाश, शनिवार, दुपारी १२:४०

वैशाली, मी काळजीपोटी बोललो. मीनल, रेखाताई, माझा सल्ला चुकला, मागे घेतो. मेव्हण्यांना आज विचारलं, त्यांचा प्रवास ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी होता, गॅस केव्हाच विरला होता. तिकिटाचं काम माझ्याकडे दे. डॉक्टरांचं पत्र दाखवलं तर फी माफ होते का ते मी एअरलाइनशी बोलून बघतो.

मीनल, शनिवार, रात्री ८:१५

सगळ्यांची उत्तरं बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. ते पालथेच होते. प्रशांतची रेघ ऐकल्यावर पहिल्यांदा स्वतःहून बोलले. "म्हणजे मला दिसतंय ते पाणी नव्हे?" चार दिवस त्यांना वाटत होतं डोळ्यात पाणी साचलंय आणि डॉक्टर सांगत नाहीत. कुणाला विचारलंही नव्हतं.

विमा वाढवला. पोकोनोज रद्द. आईशी बोलले, ती म्हणाली गुडघा दहा वर्षं दुखतोय, आणखी एक महिना दुखेल, त्यांना डोळा घेऊनच पाठव.

खुर्ची अजून मिळाली नाही. किल्लीवाल्यांचा फोन लागत नाही.

रेखाताई, शनिवार, रात्री ८:४०

मीनल, एक विचारायचं राहिलं. तुझा नंबर उणे आठ ना? मोठा मायनस नंबर आणि वडिलांचा रेटिना सुटलेला. बाहुली मोठी करून, कडेपर्यंत, दोन्ही डोळे तपासून घे. नुसता मशीनचा फोटो नको. सहा महिन्यांपूर्वीचा चष्म्याचा चेकअप मला सांगू नकोस. आणि बाबांच्या उजव्या डोळ्याची कड पाहिली का तेही विचार.

गिरीश (कोजागिरी), शनिवार, रात्री ९:०५

माफ करा, तालमीत होतो. किल्ली माझ्याकडे आहे, खुर्ची आत्ता घेऊन निघतोय. ढोल हलवायला कुणी एक जण गोदामावर या. मीनलताई, बाबा २५ तारखेला इथेच असतील तर पेटीवर बसतील का? आमचा पेटीवाला टेक्सासला जातोय.

शिल्पा, शनिवार, रात्री ९:१०

मी येते गोदामावर, दहा मिनिटांत.

मीनल, १३ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

नमस्कार. आज तपासणी झाली, गॅस पूर्ण गेला. पट्टा डॉक्टरांनी स्वतः कापला. बाबांनी तो पाकिटात ठेवलाय. तक्त्यावरच्या चौथ्या ओळीपर्यंत वाचलं, पुढे चष्म्याने सुधारेल म्हणाले. १९ तारखेचं तिकीट आहे, तारीख बदलायची फी अविनाशने माफ करून आणली. आय-५३९ ची पावती आली आहे, निर्णय अजून नाही. वैशाली म्हणते त्याची प्रत आणि डॉक्टरांचं पत्र कायम जपून ठेवायचं. ऑपरेशनची नोंद आणि स्कॅन पुण्याच्या डॉक्टरांना मेल केले, पोचल्याचं उत्तर आलं.

माझ्या डाव्या डोळ्यात कडेला एक बारीक छिद्र निघालं. लेझर करून घेतलं, काल. मला काहीच जाणवत नव्हतं. रेखाताई, तुम्ही विचारलं नसतंत तर मी गेले नसते.

अनघा, खुर्ची तुमच्याकडून परत आली की गोदामात नको, प्रशांतच्या गॅरेजमध्ये ठेवूया. तो हो म्हणालाय. गालांकडचा फोम दबलाय, शिंप्याकडून नवा बसवून घेते, तेवढं माझ्याकडे लागलं.
मीनल