अमोनिया बॉयलरमध्ये जाळायचा की आधी खतासाठी लागणारा अमोनिया स्वच्छ पद्धतीने बनवायचा?

बॉयलरवाला: जपानच्या हेकिनान औष्णिक केंद्रात 2024 मध्ये 1000 मेगावॅटच्या संचात 20 टक्के उष्णता कोळशाऐवजी अमोनियातून घेऊन पाहिली. नायट्रोजन ऑक्साइड वाढले नाहीत, गंधकाचे ऑक्साइड सुमारे 20 टक्क्यांनी घटले. अमोनियात कार्बनच नाही. उणे 33 अंशांना तो द्रव होतो, हायड्रोजनला उणे 253 लागतात. टाक्या, जहाजं आधीपासून आहेत. आपले कारखाने अजून कोळशालाच का धरून बसलेत?

हिशेबी: जळताना कार्बन नाही, पण बनवताना? नैसर्गिक वायूपासून एक टन अमोनिया काढला की दोनेक टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या टनात उष्णता 18.6 गिगाज्यूल. तेवढी कोळशातून घेतली तर कार्बन डायऑक्साइड पावणेदोन टन. म्हणजे तुमची चिमणी स्वच्छ दिसणार आणि हवेत कार्बन उलट जास्त जाणार!

बॉयलरवाला: मी हरित अमोनियाबद्दल बोलतोय, सौर विजेवर पाणी फोडून मिळालेल्या हायड्रोजनपासून केलेल्या.

हिशेबी: त्याला टनामागे साधारण 10 मेगावॅट-तास वीज लागते. केंद्रात जाळून हातात येते दोन. राजस्थान-गुजरातची सौर वीज सरळ ग्रिडला द्या की! जपानकडे जागा कमी, त्यांना ऊर्जा जहाजाने आणावी लागते. आपली ती अडचण नाही.

थळकर: मी खत कारखान्यांच्या पट्ट्यात वाढलो. गळतीचा भोंगा झाला की आधी विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, बघायचा, वाऱ्याला आडवं पळायचं, नाकाला ओला रुमाल, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक. प्रशिक्षित माणसांच्या हाती अमोनिया सांभाळला जातो, ते मान्य. पण एमआयडीसीतल्या प्रत्येक छोट्या बॉयलरशेजारी त्याची टाकी? मला ते अजिबात पटत नाही. युरियाला मात्र अमोनियाशिवाय गत्यंतर नाही. सरकारने 2025 मध्ये हरित अमोनियाचे लिलाव काढले तेही खत कारखान्यांसाठीच. पहिला हरित टन तिकडेच गेला पाहिजे.

बॉयलरवाला: सुरक्षेचा मुद्दा रास्त आहे, छोटे बॉयलर सोडून देऊ. पण गुजरातेत मोरबीच्या टाइल भट्ट्यांचं काय? तिथे 1100-1200 अंश लागतात, विजेवर उष्णता खेचून देणारा हीट पंप तिथवर पोचत नाही.

हिशेबी: विजेची भट्टी पोचते. शिवाय अमोनियाची ज्योत मिथेनच्या पाचव्या हिश्शाच्या वेगाने पसरते, म्हणजे जोडीला गॅस किंवा हायड्रोजन आलाच.

बॉयलरवाला: इतक्या भट्ट्या विजेवर न्यायच्या तर सबस्टेशनं आणि वाहिन्या कोण, कधी उभारणार? ढगाळ आठवड्यात त्या कशावर चालवायच्या? साठवून ठेवता येईल असं इंधन तेव्हा लागणारच.