फॉर्म भरू द्या तिला

वर एका ताईंनी लिहिलंय की भाची २२ वर्षांची आहे, यूपीएससीचा फॉर्म भरायची घाई नको, एवढ्या लहान पोरीला पन्नाशीचे तहसीलदार जुमानणार नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. निवड झाली की लगेच कुणी जिल्हा हातात देत नाही. आधी मसुरीचं प्रशिक्षण, मग सहायक जिल्हाधिकारी म्हणून उमेदवारी, पुढे प्रांत, म्हणजे उपविभागाचा अधिकारी. कलेक्टर व्हायला काही वर्षं जातातच. तोवर जमिनीच्या फेरफार नोंदी, पंचनामे, टंचाईतले टँकर हे सगळं त्याच तलाठ्या-तहसीलदारांकडून शिकायचं असतं, आणि नम्रपणे विचारणाऱ्याला ही माणसं भरभरून सांगतात. जालन्याचे अन्सार शेख २०१५ च्या परीक्षेतून २१ व्या वर्षी निवडले गेलेच ना?

जपायच्या त्या परीक्षेला बसायच्या संधी. खुल्या गटाला वयाच्या ३२ पर्यंत ६ मिळतात. नुसता फॉर्म भरला तर संधी मोजत नाहीत, पण पूर्वपरीक्षेचा एक पेपर जरी दिला तरी ती खर्ची पडते. त्यामुळे ताई, फॉर्म नक्की भरू द्या. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या की बसायचं की नाही ते तिचं तिलाच कळेल.