नाताळची सजावट घरातल्यांनी मिळून करावी, की विकत आणून मोकळे व्हावे?

गावठाण (धाग्याची सुरुवात)

उत्तर वसईतल्या आमच्या गावांत डिसेंबर लागला की दर्शनी खोलीत काय उभे राहते, याविषयी माझे एक ठाम मत आहे, आणि ते न पटणारेच अधिक असल्याने येथे चर्चेला ठेवत आहे. गोठा (गव्हाणीतल्या बाळ येशूच्या जन्माचा देखावा), चांदणी आणि पताका घरातल्या माणसांनी एकत्र बसून घरीच तयार कराव्यात. प्लास्टिकचे झाड, त्यावर आयते गोळे आणि खाली दिव्यांसकट मिळणारा फायबरचा गोठा असा संच आणायचा, पिन बोर्डात खोचायची आणि सण लागला म्हणायचे, ही आता रूढ झालेली पद्धत मला मान्य नाही.

असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतील ग्रेचो गावी नाताळचा देखावा उभा केला, तेव्हा तेथे गवत, गव्हाण, बैल आणि गाढव एवढेच होते, मूर्ती नव्हत्याच. पोप फ्रान्सिस यांनी 1 डिसेंबर 2019 रोजी त्याच ग्रेचोतून गोठ्याविषयी पत्र प्रसिद्ध केले आणि नाताळपूर्वीच्या दिवसांत कुटुंबाने मिळून गोठा तयार करण्याच्या परंपरेला त्यात आवर्जून उत्तेजन दिले. यात महत्त्व तयार करण्याला आहे, गोठा घरात असण्याला नव्हे.

आमच्याकडे भातकापणी झालेली असे, त्यामुळे पेंढा दारातच असायचा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पसरट भांड्यात माती घालून गहू पेरले की नाताळपर्यंत वीतभर हिरवळ उभी राहायची. सिमेंटच्या गोणीचा खाकी कागद चुरगळून, त्यावर गेरू आणि कोळशाची पूड चोळून डोंगर व्हायचा आणि आरशाच्या तुकड्याचे तळे. चांदणीसाठी बांबूच्या दहा सारख्या कामट्या तासायच्या, पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या, त्यांची टोके एकमेकांना जखडायची आणि आतल्या पाच सांध्यांत लहान काड्यांचा ताण देऊन पोट फुगवायचे. मग मैद्याच्या खळीने पतंगाचा कागद चिकटवायचा. या कामाला एकट्याचे हात पुरत नाहीत, कारण एकाने टोक धरल्याशिवाय दुसऱ्याला गाठ मारता येत नाही.

जाता जाता आणखी एक तक्रार नोंदवतो. धर्मग्रामांतल्या (एकेका चर्चच्या परिसरातल्या) गोठ्यांच्या स्पर्धांनी या प्रकाराचे प्रदर्शन करून टाकले आहे. पवनचक्की फिरते, आगगाडी धावते, धबधबा कोसळतो आणि गव्हाण कुठे आहे ते विचारावे लागते.

विरार लोकल

आपल्या लिखाणातील ‘घरातल्या माणसांनी’ हा शब्दप्रयोग मला फार सोयीचा वाटतो, कारण त्यातून नेमके कोण काम करणार हे कळतच नाही. नाताळच्या आधीच्या पंधरवड्यात कलकल (काट्यावर वळून तळायचा गोड पदार्थ) वळायचे, नेवऱ्या भरायच्या, केकसाठी सुका मेवा भिजत घालायचा, पडदे धुवायचे, भिंतींची जळमटे काढायची आणि या सगळ्यासह सकाळची लोकल पकडायची, हे घरातल्या ज्या माणसाच्या वाट्याला येते, त्याच माणसाकडे कामट्या आणि खळसुद्धा शेवटी येऊन पडतात. डोंगर पुरुषांनी केला असेल. पण जमिनीवर सांडलेला गेरू कोणी पुसला, याचा उल्लेख आपण केलेला नाही.

दुसरे असे की आपले वर्णन ज्या घराचे आहे, त्याला अंगण आहे आणि त्यामागे शेत आहे. मी वसई रोडला चौथ्या मजल्यावर राहते. मला पेंढा विकत घ्यावा लागतो, बांबू विकत घ्यावा लागतो, मातीसुद्धा रोपवाटिकेतून पिशवीत आणावी लागते. मग ‘घरचे’ आणि ‘विकतचे’ ही विभागणी उरतेच कुठे? आमच्याकडे प्लास्टिकचे झाड आहे आणि मुले व त्यांचे वडील रविवारी दुपारी ते मिळून सजवतात. फांद्या उलगडताना, गोळे कोणी कुठे लावायचे यावर भांडताना त्यांचा जो वेळ जातो, तो कुटुंबाचा वेळ नाही, असे कोणी म्हणू नये.

नगरकर

हा वाद मी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) प्रॉटेस्टंट घरातून वाचत आहे, म्हणून एक मूलभूत शंका उपस्थित करतो. धागाकर्त्यांनी गोठ्याला नाताळच्या सजावटीचा मध्य मानले आहे. आमच्या घरी गोठा कधीच नव्हता. दारावर चांदणी, बैठकीत झाड, आणि नाताळगीते गाणारी मंडळी रात्री दारात आली की त्यांच्यासाठी चहा व फराळ, एवढाच आमचा नाताळ, आणि तो अपुरा होता असे आम्हाला वाटलेले नाही.

नगरला 1831 साली आलेल्या अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट धर्मप्रसारक संस्थेची मातृसंस्था मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्थापन झाली होती. त्याच प्रांतात 1659 साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड करणारा कायदा झाला होता. तो 1681 मध्ये मागे घेतला गेला. तरी नाताळला तेथे अधिकृत सुट्टी मिळायला 1856 उजाडावे लागले. म्हणजे मिशन नगरला आले तेव्हा त्याच्या मायदेशी नाताळची साधी सुट्टीही नव्हती. अशा वारशातून आलेल्या आमच्या मंडळीने झाड आणि चांदणी नंतर स्वीकारली, आणि आज ती आमची परंपरा आहे. वसईच्या गोठ्याला जुनेपणाचा मान अवश्य द्यावा. परंतु त्यावरून इतरांच्या झाडाला ‘बाजारू’ ठरवू नये.

एक वाचक

मुळात झाडच नको. बायबलच्या जुन्या करारातील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात, रानातून झाड तोडून आणतात, सोन्यारुप्याने मढवतात आणि हलू नये म्हणून खिळे ठोकतात, अशा चालीरीतींना व्यर्थ म्हटले आहे. एवढे स्पष्ट वचन असताना चर्चा कशाची?

नगरकर

तोच उतारा पुढे वाचावा. कारागिराने हत्याराने घडवलेल्या, बोलता-चालता न येणाऱ्या मूर्तीविषयी तो संदेष्टा बोलत आहे. नाताळच्या झाडाची प्रथा जर्मन प्रदेशात त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी रुजली. जे संदेष्ट्याच्या डोळ्यांसमोर नव्हते, त्याचा निषेध त्याच्या तोंडी घालू नये. शिवाय रोममध्ये संत पेत्राच्या चौकात 1982 पासून दरवर्षी गोठ्याबरोबर झाडही उभे राहते, तेव्हा धागाकर्त्यांना तरी झाडाचे इतके वावडे असण्याचे कारण नाही.

गावठाण

झाडाचे वावडे मला नाही, आयत्या संचाचे आहे. आमच्याकडेही सुरूची फांदी आणून डब्यात रोवत असत आणि तिच्यावर कापूस पिंजून बर्फ करत असत. वसईत बर्फ कशाला, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही, मलाही आता तो विचारायचा नाही.

विरार लोकल ताईंचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्यावर माझे म्हणणे असे की कामाची वाटणी चुकीची आहे म्हणून काम रद्द करणे हा उपाय नव्हे. कामट्या तासणे, बांधणे, गोठ्याचा डोंगर आणि नंतरची झाडलोट ही कामे घरातल्या पुरुषांनी व मुलग्यांनीच करावीत. आणि कलकल वळायला बसताना त्यांनाही काटा-चमचा हाती देऊन पाटावर बसवावे. तसे बसवलेले पुरुष आमच्या गावात आहेत.

सुरूबाग

सुरूच्या फांदीचा उल्लेख आलाच आहे, तर कृपा करून तो विषय इतक्या सहज सोडू नये. किनाऱ्यावरची सुरूची बने वारा आणि वाळू अडवण्यासाठी मुद्दाम लावलेली आहेत. भुईगाव आणि कळंबच्या बाजूला समुद्र आत सरकत आहे आणि सुरू मुळासकट उन्मळत आहेत. अशा वेळी ‘नैसर्गिक सजावट’ म्हणून गावोगाव फांद्या तोडल्या जाणार असतील, तर तिच्यापेक्षा तेच ते प्लास्टिकचे झाड वर्षानुवर्षे वापरणारे घर मला अधिक जबाबदार वाटते. घरी केले म्हणजे निसर्गाला बरे, हे समीकरण आपोआप जमत नाही. घरी केलेल्या गोठ्यांत थर्मोकोलची घरे आणि थर्मोकोलचा बर्फ किती असायचा ते आठवून पाहावे. थर्मोकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 साली बंदी आली ती काही उगाच नव्हे. जिवंत झाडच हवे असेल, तर अरोकारिया या सूचिपर्णी झाडाची कुंडी आणावी. ती वर्षभर गच्चीत राहते आणि डिसेंबरात आत येते.

साष्टीकर

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे गोठ्यात गव्हाऐवजी बहुधा नाचणी रुजवतात, बाकी कृती तीच, त्यामुळे धागाकर्त्यांचे वर्णन वाचून आनंद झाला. परंतु स्पर्धांविषयीचे त्यांचे मत मला अजिबात पटले नाही. आमच्या वाड्यावर जी पोरे दिवसभर मोबाईलमध्ये मान घालून बसतात, तीच पोरे स्पर्धेच्या ईर्षेने चिखल तुडवतात, माडाची झावळे विणतात आणि रात्री जागून गोठा पुरा करतात. बक्षीस नसते, तर त्यांनी वळूनही पाहिले नसते.

आपण ज्या पोपच्या पत्राचा आधार घेतला आहे, त्यातच पुढे म्हटले आहे की मुले, आणि मोठी माणसेदेखील, गोठ्यात शुभवर्तमानाशी (बायबलमधील येशूच्या चरित्राशी) वरवर संबंध नसलेल्या आकृत्या हौसेने ठेवतात. पोपमहाशयांनी त्यांना नावे ठेवलेली नाहीत, उलट त्यांचे कौतुक केले आहे. गोठा कसा मांडता याला महत्त्व नाही, तो आपल्या जगण्याशी बोलला पाहिजे, असाही त्या पत्राचा आशय आहे. मग आमच्या पोरांच्या आगगाडीलाही तेथे जागा आहे.

कोथरूड

मी ख्रिस्ती नाही; पण शेजारच्या घरासाठी मुलीने यंदा दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या उरलेल्या कामट्यांतून चांदणी केली. त्यावर नातेवाइकांच्या गटात ‘आपला सण नाही’ असा सूर निघाला. शेजारच्या आजींनी तीच चांदणी आपल्या दारावर लावली, त्यामुळे मला त्या सुरावर वेगळे उत्तर द्यावे लागले नाही. विषयांतराबद्दल क्षमस्व.

गावठाण

साष्टीकर यांनी पत्राचा दाखला माझ्यावरच उलटवला, तो मुद्दा बिनतोड आहे. आगगाडी राहू द्यावी, फक्त गव्हाण दिसावी. परंतु आयत्या संचाविषयी माझा खरा आक्षेप अद्याप कोणी खोडलेला नाही, आणि तो काटकसरीचा किंवा निसर्गाचा नाही.

बाजारातला एकसंध फायबरचा गोठा जवळून पाहावा. त्यात पवित्र मरिया, संत योसेफ, मेंढपाळ आणि बाळाच्या दर्शनाला आलेले तीन राजे एकाच पाटावर ओतलेले असतात आणि बाळ येशू गव्हाणीला कायमचा चिकटवलेला असतो. हा संच 1 डिसेंबरला मांडला की बाळ त्याच दिवशी जन्मलेले आणि 6 जानेवारीच्या सणाचे राजेही तेव्हाच हजर! आमच्या घरी गव्हाण 24 तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी असे. मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) परतल्यावर घरातले सर्वांत धाकटे मूल बाळाची मूर्ती हातात घेऊन येई आणि ती ठेवल्याशिवाय कोणी केकला हात लावत नसे. राजे दूर कपाटावर असत आणि मुले त्यांना रोज थोडे पुढे सरकवत. नाताळपूर्वीचा आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ आहे, असे आपण मुलांना धर्मशिक्षणात शिकवतो, आणि घरी मात्र वाट पाहायला जागाच नसलेली वस्तू मांडतो.

विरार लोकल

हा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे; पण त्यातून आपला निष्कर्ष निघत नाही. चिकटवलेले बाळ नको असेल, तर सुट्या मूर्तींचा संच घ्यावा, तोही बाजारातच मिळतो. मूर्ती तर आपल्याही घरी कोणी घडवल्या नसतील. त्या विकतच आणल्या असतील आणि कान तुटलेले गाढव वर्षानुवर्षे जपून ठेवले असेल. तेव्हा प्रश्न करावे की विकत घ्यावे हा नसून, काय विकत घ्यावे हा आहे. माझ्या प्लास्टिकच्या झाडाखाली यंदा रिकामी गव्हाण ठेवायला मी तयार आहे, आणि गहू पेरायला माझी खिडकी पुरेशी आहे.

पुरुषांच्या कामांची आपण दिलेली यादी मी घरी मोठ्याने वाचून दाखवली. तिच्यात एक काम राहून गेले आहे. तीन राजांचा सण झाला की सगळे आपापल्या वाटेला लागतात, आणि गोळे कागदात गुंडाळणे, दिव्यांच्या माळांचा गुंता सोडवणे, सुकलेली हिरवळ मातीसकट उचलणे आणि खोके माळ्यावर चढवणे हे जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी एकटीने केले जाते. सजावट मिळून करण्यावर या धाग्यात इतके लिहिले गेले; ती मिळून उतरवण्याविषयी आपण आणि साष्टीकर यांनी आपापल्या घरची पद्धत कृपया लिहावी.

साष्टीकर

आमच्याकडे आई उतरवते. पोरांना आजच सांगतो.